बाबा बरोबर असले की भीती वाटते

डिचोली तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४३. घरात पत्नी, बारा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि ६९ वर्षांची आई. मे २०२५ मध्ये शिरगावला श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, त्या पहाटे ते आई आणि मुलीला घेऊन तिथेच होते. तिघंही सुखरूप घरी परतले. पण तेव्हापासून घरच्यांबरोबर कुठेही गेलं की त्यांचं लक्ष फक्त धोका शोधण्यात असतं. हॉटेलात ते भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतात. म्हापशाच्या बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा निरखतात. परप्रांतीय मजुरांचा घोळका दिसला की मुलांना ओढून पलीकडे नेतात. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, त्यानंतर बाहेर जेवायला जाणंही बंद झालं. पत्नी म्हणते, "थोडं देवावर सोडा." गेल्या आठवड्यात मुलगी आईला म्हणाली, "बाबा बरोबर असले की मला जास्त भीती वाटते." आईला यंदाही होमकुंडाच्या रात्री, म्हणजे देवीचे व्रतस्थ भाविक (धोंड) निखाऱ्यांवरून चालतात त्या रात्री, शिरगावला जायचं आहे. यांनी साफ नाही म्हटलं, आणि माय-लेकांत अबोला आहे. ते विचारतात, "कुटुंब सुरक्षित राहायचं तर कुणीतरी एकाने जागं राहायलाच हवं ना? मग माझं चुकतं कुठे?"

तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "मुलीचा हात माझ्या हातात होता आणि माझे पाय जमिनीला टेकत नव्हते." ज्याने हे भोगलंय त्याला 'घाबरू नका' असं सांगायचा अधिकार मला नाही. त्या पहाटे देवीच्या दारात भाविकांचे जीव गेले आणि तुम्ही ते जवळून पाहिलंत. तुमची भीती खोटी नाही. ती कुठे बघतेय, एवढाच माझा प्रश्न आहे.

त्या रेट्यात तुमच्या आजूबाजूला कोण होतं ते आठवून बघा. वेताची काठी घेतलेले धोंड होते, गळ्यात मोगऱ्याचे हार होते, तुमच्यासारखीच आईला आणि पोरांना घेऊन आलेली माणसं होती. कुणाच्याही चेहऱ्यावर धोका लिहिलेला नव्हता. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं दाटली की कुणाचंच पाऊल स्वतःच्या मर्जीने पडत नाही, गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते. अशा रेट्यात जीव जातो तो बहुतेक वेळा पायाखाली येऊन नाही. छाती दाबली जाते, श्वास आत घ्यायला जागा उरत नाही, आणि माणूस उभ्या-उभ्याच गुदमरतो. म्हणजे त्या रात्री धोका माणसांमध्ये नव्हता, जागेत होता. हडफड्याचंही तसंच. तिथे २५ जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक तिथे नोकरी करणारे होते, पोटासाठी दूरच्या राज्यांतून आलेले. आग आणि धूर यांच्या मध्ये सापडल्यावर त्यांना बाहेरची वाट मिळाली नाही.

या दोन घटनांनी तुमची झोप उडवली, आणि तुम्ही मात्र बाजारात मजुरांचे चेहरे निरखत उभे आहात. पत्र वाचताना मला हेच सगळ्यात जास्त खटकलं.

माझी एक गोष्ट सांगते. बरीच वर्षं झाली. चतुर्थीच्या आधीचा शुक्रवार, म्हापशाचा बाजार, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या, सामानाने पाय ठेवायला जागा नाही. माझा पाच वर्षांचा मुलगा माझ्या पदराला धरून होता. मी सुपारीच्या घोसाचा भाव करत होते. वळून बघितलं तर पदर मोकळा. पुढची दहा-पंधरा मिनिटं मी काय केलं ते मला आजही नीट आठवत नाही. मी फक्त ओरडत होते. मुलगा सापडला तो मयड्याची केळी विकणाऱ्या एका बाईच्या टोपलीमागे, हातात केळं घेऊन बसलेला. त्याला तिच्याकडे कुणी आणून सोडलं? पोती उचलणाऱ्या एका कानडी मजुराने. त्याला आमची भाषा येत नव्हती. रडणारं पोर एकाच जागी बसणाऱ्या बाईकडे सोपवावं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल, एवढं मात्र त्याला बरोबर कळलं. मी त्याचे नीट आभारही मानले नाहीत. मी त्याच्याकडे संशयानेच बघितलं होतं, आणि ती टोचणी अजून आहे.

त्या दिवसापासून मी मुलांना 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' असं सांगणं सोडलं. हरवलेल्या मुलाला मदत करणारा माणूस अनोळखीच असणार. त्यापेक्षा कुणाला विचारायचं ते शिकवा: दुकानात किंवा टोपलीमागे एका जागी बसलेली बाई, लहान मूल बरोबर असलेली बाई, गणवेशातला पोलीस. आणि दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. मुलांवर अत्याचाराची जी प्रकरणं पोलिसांत नोंदली जातात, त्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचे सर, रोजचा ड्रायव्हर. रस्त्यावरच्या परक्याच्या चेहऱ्यावर नजर रोखून त्यातलं काहीच दिसत नाही. तिथे उपयोगी पडते ती एकच गोष्ट, मुलाला घरी येऊन काहीही सांगता यावं. तुमची मुलगी तुम्हाला घाबरायला लागली तर नेमकी तीच वाट बंद होते. तिचं ते वाक्य ती तुम्हाला बोलली नाही, आईला बोलली. याचा विचार करा.

आता तुमचा मूळ प्रश्न. कुणीतरी एकाने जागं राहायला हवं ना? मला वाटतं, नको. एकटा माणूस चार जणांवर दिवसभर पहारा ठेवू शकत नाही. थकतो, चिडतो, आणि नेमका नको तिथे डुलकी काढतो. शिवाय बाकीचे चौघं निश्चिंत होतात, की बाबा आहेत ना. आपल्याकडे पहाऱ्याहून वेगळा एक चांगला शब्द आहे, भान. भान प्रत्येकाचं स्वतःचं असतं, सहा वर्षांच्या मुलाचंसुद्धा त्याच्यापुरतं असतं. ते थोडंच लागतं आणि ठरलेल्या वेळी लागतं. बाकीचा वेळ भेळ खायला मोकळा.

समुद्राचंच उदाहरण घ्या, कारण गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला पाण्याची भीती चोरापेक्षा कितीतरी जास्त वाटायला हवी. किनाऱ्यावर सहा मोठी माणसं असतात आणि मूल बुडतं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघतोय. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या वर राखण्यातच त्याचं सगळं बळ जातं. आमच्या घरात यासाठी एक रीत आहे. "आता पाण्यावर माझी नजर" असं मोठ्याने म्हणायचं. ज्याने म्हटलं त्याने मोबाइल पिशवीत टाकायचा, गप्पांत शिरायचं नाही, लहान मुलाच्या हाताच्या अंतरावर उभं राहायचं. पंधरा मिनिटांनी दुसऱ्याला हाक मारून पाळी सोपवायची, आणि त्याने "हो, माझी" म्हटल्याशिवाय नजर काढायची नाही. तुमच्या पत्नीला 'देवावर सोडा' म्हणावंसं वाटतं, कारण आज तिच्या वाट्याला या कामातलं काहीच नाही, फक्त तुमची चिडचिड आहे. तिला पाळी द्या.

किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे जिथे लावलेत त्यांच्या मधोमध उतरायचं. नुसता लाल झेंडा असेल तिथे गुडघाभर पाण्यातसुद्धा नको. जीवरक्षक सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सहापर्यंत असतात. आपली माणसं सूर्य बुडतानाच पाण्यात शिरतात, म्हणजे बरोबर ते निघायच्या वेळी. आणखी एक गोष्ट मुलीला दाखवा, तिला ती आवडेल: लाटा दोन्ही बाजूंना फुटतायत आणि मध्ये एक पट्टा शांत, जरा गडद दिसतोय, तर तो पट्टा पोहायला चांगला वाटतो आणि तोच फसवा असतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन ओढीतून बाहेर पडायचं. पावसाळ्यात समुद्र नकोच. तुमच्या भागात तर हरवळ्याचा धबधबा आणि पाण्याने भरलेल्या चिरेखाणी जवळ आहेत, तिथेही पावसाळ्यात मुलांना मोकळं सोडू नका. वाहतं पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यातून पालापाचोळा यायला लागला, की वर कुठेतरी जोराचा पाऊस पडलाय असं समजून तत्काळ काठावर यायचं. चप्पल राहिली तर राहू दे.

रस्त्याबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी करत नाही. चार वर्षांवरच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट लागतं, हा कायदा आहे. तुमच्या सहा वर्षांच्या मुलाचं हेल्मेट घरात आहे का? मुलाला गाडीतून उतरवायचं ते डाव्या बाजूने. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची गाडी समोर दिसली तर अंतर वाढवा, चालवणारा बहुधा या वळणांवर पहिल्यांदाच आलेला असतो. चोडणला फेरीबोटीत गाडी चढवताना मुलांना आणि आईंना आधीच उतरवून चालत आत जाऊ द्या. चालकाने गाडी एकट्याने चढवावी, हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवावी. गाडी घसरून नदीत गेल्याच्या घटना गोव्यात घडल्या आहेत.

आता बाहेर जेवायला जाण्याचं. परत जायला लागा, मी आग्रहाने सांगते. भिंतीला पाठ लावून बसायचं असेल तर बसा, त्याने कुणाचं बिघडत नाही. फक्त बसण्याआधी एक काम करा. हात धुवायला जाताना बघून घ्या, आलो त्या दाराशिवाय बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे, आणि ती खरोखर उघडी आहे की तिथे क्रेट रचून ठेवलेत. आग लागली की माणसं आलेल्या दाराकडेच धावतात, सगळी एकदम. दुसरी वाट माहीत असणारा वाचतो. तळघर, एकच अरुंद जिना, झावळ्यांचं छप्पर आणि खाली आतषबाजी असं काही दिसलं तर न वाद घालता उठायचं, मागवलेल्या सरबताचे पैसे देऊन. एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं. ते झालं की मेनूकार्ड हातात घ्यायचं आणि मुलाशी भांडायचं की आइस्क्रीम जेवणाआधी मिळणार नाही. हेच काम मुलांना खेळ म्हणून द्या, "दुसरं दार पहिल्यांदा कोण शोधतंय?" सहा वर्षांचा मुलगा तुम्हाला हरवेल.

घरातून निघताना करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्यांत भीतीचा मागमूस नाही म्हणून मला त्या प्रिय आहेत. दारातच मुलांचा आणि आईंचा एक फोटो काढा. हरवलं माणूस तर त्या दिवशीचे कपडे कोणते होते ते कुणाला धड सांगता येत नाही. फोटोत सगळं असतं. मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने तुमचा नंबर लिहा. आईंच्या बटव्यात मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी ठेवा: नाव, दोन नंबर, रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर तिचं नाव. आणि चुकामूक झाल्यावर भेटायची जागा आधी ठरवा. जत्रेत, चर्चच्या मोठ्या फेस्तात हजारो लोक एकाच वेळी फोन लावतात आणि कुणाचाच लागत नाही. 'आपण फोन करू' हा बेत नाही. म्हापशाच्या बाजारात शकुंतलेचा पुतळा, पणजीत चर्चच्या पायऱ्यांचा खालचा कोपरा, अशी हलणार नाही आणि लांबून दिसेल ती जागा. 'त्या लाल गाडीपाशी' नको, गाडी निघून जाते. शाळेतून मुलांना तुमच्याऐवजी कुणी आणायला जाणार असेल त्यासाठी घरातला एक गुपित शब्द ठेवा. जो शब्द सांगणार नाही त्याच्याबरोबर जायचं नाही, मग तो काका का असेना. ११२ हा नंबर सहा वर्षांच्या मुलालाही पाठ होतो, रुग्णवाहिकेसाठी १०८.

आता गर्दी. गर्दीत शिरायचं की नाही हे ठरवायची वेळ बाहेर असते, आत गेल्यावर नाही. थोडं उंचावर थांबून बघा: लोक जातायत आणि येतायत त्या वाटा वेगळ्या आहेत की समोरासमोर भिडतायत? वाट पुढे अरुंद होतेय का? उतार आहे का? आत असताना खूण सोपी आहे. दोन्ही खांद्यांना माणसं लागली आणि हात उचलून स्वतःच्या तोंडाला लावता येत नाही, म्हणजे उशीर व्हायला लागलाय. खरं तर त्याच्या आधीच, एका खांद्याला धक्के लागायला लागले तेव्हा, बाजूला निघायचं. लोकांची 'दर्शन न घेताच?' अशी नजर सोसायची. आणि तरीही अडकलात तर रेट्याच्या उलट रेटू नका. दोन्ही हात कोपरात दुमडून छातीपुढे ठेवा, फासळ्यांपुढे चार बोटं जागा राहील अशी. श्वास महत्त्वाचा, ओरडण्यात घालवू नका. गर्दी लाटेसारखी पुढे जाते आणि क्षणभर सैलावते. त्या सैलावण्यात तिरपे, कडेकडे सरका. भिंत, कठडा, दुकानाची चौकट यांना चिकटून राहू नका, तिथे दाब जास्त. लहान मूल वर उचलायचं. मोबाइल पडला, चप्पल निघाली, वाकायचं नाही. तुम्ही त्या पहाटे हे सगळं न शिकता थोडंफार केलंत, म्हणून तिघं घरी आलात. हे स्वतःला कधी सांगितलंय का?

तुमच्या आईंबद्दल. तुम्ही लिहिलंय, "आईला होमकुंडाच्या रात्रीच जायचंय." हे त्यांनी सांगितलं, की तुम्ही धरून चाललात? वाद पेटला की दोन्हीकडची वाक्यं असतात त्याहून मोठी होतात. कदाचित त्यांना हवं आहे ते देवीला मोगऱ्याचा हार घालणं, वर्षाचा नेम न मोडणं. वैशाख शुद्ध पंचमीच्या त्या रात्रीनंतरही उत्सव काही दिवस चालतो, कौल होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन हार घालता येतो, आणि ६९ वर्षांच्या गुडघ्यांनाही ते बरं. पण हे त्यांना ऐकवू नका. विचारा. जवळ बसून, चहा घेऊन विचारा, "आई, तुला तिथे गेल्यावर नेमकं काय करायचं असतं?" त्यांचं उत्तर 'होमकुंडच बघायचंय' असं आलं तर तेही ऐकून घ्या. मग संध्याकाळी उजेडात जाऊन कुठे बसायचं, कोण बरोबर राहील, गर्दी दाटायच्या आधी कधी निघायचं, हे दोघांनी मिळून ठरवा. त्या त्याच रेट्यात तुमच्या शेजारी होत्या. त्यांनाही त्या रात्रीबद्दल बोलायचं असेल, आणि तुमच्या 'नाही'ने ते बोलणंही बंद झालंय.

पत्राच्या शेवटी तुम्ही एका ओळीत लिहिलंय की अजून पहाटे तीनच्या सुमाराला जाग येते आणि छातीवर दाब वाटतो. ती ओळ शेवटी ढकलायची नव्हती. छातीचा त्रास आहे म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि त्या रात्रीनंतर इतक्या महिन्यांनीही शरीर तीच वेळ जगत असेल तर त्यावर उपचार आहेत, ते लागू पडतात. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिथे ओपीडीत जाता येतं. गावात कुणाला कळेल ही चिंता असेल तर फोनपासून सुरुवात करा. सवयी मी कितीही सांगितल्या तरी रोज पहाटे तीनला जागा होणारा माणूस त्या शांतपणे पाळू शकणार नाही, म्हणून हे काम पहिलं.

आणि मुलीशी बोला. लांबलचक नको, माफीचं भाषण नको. "त्या रात्री मी फार घाबरलो होतो, अजून घाबरतो, आणि ते मी तुमच्यावर काढतो," एवढं म्हणा. बारा वर्षांच्या मुलीला हे कळतं. तीही तिथे होती.

येत्या शिगम्याला पणजीत चित्ररथ निघतील. चौघंच जा किंवा आईंना घेऊन पाच जण जा, पण त्या संध्याकाळचा बेत मुलीकडे द्या. उभं कुठे राहायचं, चुकामूक झाली तर भेटायचं कुठे, किती वाजता परतायचं, सगळं तिने ठरवायचं. भेटायची जागा तिने दाखवली की तुम्ही तिथे जाऊन एकदा उभे राहा, ती रस्त्याच्या पलीकडून हात हलवेल, आणि तुम्ही तिला दिसता की नाही ते तिने सांगायचं.